शाफ्टमधलं काम

"हे वाक्य तुमचंच ना?" कामगार आयुक्तबाईंनी कागद पुढे सरकवला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या मालकांनी चष्मा न लावताच मान हलवली. "माझंच. 'बाईमाणसाला शाफ्टमध्ये उतरवत नाही.' मीच लिहिलंय."

"लिहून दिलं ते बरं झालं," समोर बसलेली तक्रारदार तरुणी म्हणाली. "तोंडी सांगितलं असतं तर माझ्या हातात काय उरलं असतं?"

मेकॅनिकच्या जागेसाठी घेतलेल्या चाचणीत ती पहिली आली होती. जागा मिळाली तिसऱ्या आलेल्या मुलाला. कायदा सरळ होता. नोकरी देताना उमेदवार बाई की पुरुष, हे बघायचं नाही.

"दुसऱ्या कंपनीत का नाही गेलात?" आयुक्तबाईंनी विचारलं.

"गेले असते. पण मालकांइतकं हे काम कुणाला कळत नाही. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात. मला त्यांच्याच हाताखाली शिकायचंय."

आयुक्तबाई मालकांकडे वळल्या.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"लिफ्ट वरखाली जाते तो शाफ्ट सहा-सात मजले खोल असतो, बाई. पाय सटकला की संपलं. चार वर्षांपूर्वी माझा एक मेकॅनिक गेला. गुणी होता. सुरक्षेचा पट्टा नीट अडकला नव्हता. तपासायचं काम माझं होतं."

"त्यानंतर पुरुषांना घेणं बंद केलंत?"

"नाही," मालक म्हणाले.

"मग तुमची भीती खरी असेल, पण ती फक्त हिच्याच वाट्याला का?"

तिला महिन्याभरात रुजू करून घ्यावं, असा आदेश झाला. अपील करणार का, असं विचारल्यावर मालकांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि आदेशावर सही केली.

तरुणी बाहेर जिन्यापाशी उभी होती. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. मालक तिच्याकडे येताना बघून दारावरचा शिपाई सावध झाला. निकालानंतर इथं शब्दाला शब्द वाढतो, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं.

"सोमवारी आठला ये," मालक म्हणाले. "पट्टा मी स्वतः तपासणार. रोज."

"तपासा."

ते दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून थांबले.

"घरी गेलो की आईला मात्र तू सांग. दादा गेला तेव्हा मी सांगितलं होतं."