उल्हास छाप बेसन

नवऱ्याला अग्नी देऊन माणसं परतली, तेव्हा शेजारच्या मंदाताई रिवाजाप्रमाणे पिठलं-भात घेऊन आल्या. कडू घास नाकारता येत नाही, म्हणून कुमुदिनीने चार घास गिळले. पाचव्या मिनिटाला तिला चक्क गुणगुणावंसं वाटलं.

“मंदाताई, बेसन कुठलं?”

“उल्हास छाप! लेकीच्या लग्नासाठी आणलेलं. पंधरवडाभर उतरत नाही बघ.”

“अहो, मला रडायचंय. एकतीस वर्षं संसार केलाय. साधं बेसन नव्हतं?”

“साधं आता कोण विकतं? सगळी पिठं आनंद घालूनच येतात.”

तेवढ्यात नणंद हंबरडा फोडत दारात आली. कुमुदिनीने तिला मिठी मारली, पण काही केल्या ओठ मिटेनात.

“वहिनी, तू हसतेस?”

मंदाताईंनी लगबगीने नणंदेचंही ताट वाढलं.