तांदूळ-मीठ

इलोइलोतलं ते घर मारिविक आणि रोमुलोनं मिळून घेतलं. लग्न करणं शक्यच नव्हतं. रोमुलोची बायको केव्हाच वेगळी राहायला गेली होती, पण फिलिपिन्सच्या कायद्यात घटस्फोटच नाही.

नव्या घरात पहिल्यांदा तांदूळ-मीठ न्यायचं, तेही घरधनिणीनं. उंबऱ्याशी मारिविक थबकली. हातातलं तांदळाचं मडकं तिनं मिठाची बरणी धरून उभ्या असलेल्या देलियापुढे केलं.

"ताई, तुम्हीच न्या. शेजारणी बघताहेत. म्हणतील, लग्नाचा पत्ता नाही आणि निघाली मिरवायला."

"म्हणू देत की."

"पण लग्नाच्या बायकोचा मान असतो हा."

"मग रोमुलोची लग्नाची बायकोच सांगतेय तुला," देलियानं मिठाची बरणीही तिच्या हातात कोंबली. "हो आत आणि भात टाक. भूक लागलीय मला."