चपलेतला खडा

“काय शेजवळ, सकाळीच लावली वाटतं?” पानटपरीवाले काका हसले.

पप्पांचा तोल पुन्हा गेला होता आणि डाव्या पायातली चप्पल चार पावलं मागे राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी ती उचलून आणली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “दोन महिने थेंब नाही घेतला त्यांनी. दारूने अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपवलंय, म्हणून पायांना काही कळत नाही. इंजेक्शनला चाललोय आम्ही.”

पप्पा पुटपुटले, “अगं, उद्यापासून मागच्या गल्लीने जाऊ.”

“अजिबात नाही. इथूनच जायचं, रोज.”

शाळेच्या गणवेशात, त्यांचा हात घट्ट धरून, मी त्यांना रोज तिथूनच नेलं. हसणारे हसत राहिले.

तेविसाव्या इंजेक्शनच्या दिवशी पप्पा नेमके टपरीसमोर थबकले. “थांब गं. चपलेत खडा गेलाय. टोचतोय.”

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. खाली बसून मी तो हरभऱ्याएवढा खडा काढला आणि टपरीच्या फळीवर, सुपारीच्या बरणीशेजारी ठेवला.

“बघा काका,” मी म्हटलं, “टोचला त्यांना.”