शाहीर अडखळतो तो सीन

"कट! अजून अडखळ रे," दिग्दर्शक ओरडला. "शब्द फुटत नाही, दरबार फिदीफिदी हसतोय, आणि मग जिद्दीनं सूर लागतो. थेटरात माणूस रडला पाहिजे!"

कर्जतजवळच्या पडक्या गढीत पेशवाईतल्या एका तोतऱ्या शाहिराचा सिनेमा चालला होता. हिरोला तोतरेपण शिकवायला काकासाहेबांना आणलं होतं. जन्माचे तोतरे, अन् चाळीस वर्षं पोवाडे गाणारे.

हिरोनं काकासाहेबांच्याच डफावर थाप मारली आणि पहिल्याच ओळीला 'रा-रा-रा' करत डोळे फिरवले.

काकासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलताना जग हसायचं, हसू दे. गाणं तेवढं त्यांचं बिनघोर होतं. तेही हे नासवायला निघाले!

ते पुढं सरले. "सा-साहेब, ह्ये चु-चु-चु..."

"चुना? अरे, बाबांना चुना द्या कुणीतरी."

"गा-गा-गाताना क-क..."

"बाबा, जरा पटकन," सहायक धनश्री म्हणाली. "ऊन उतरतंय."

काकासाहेबांनी हिरोच्या हातातून डफ हिसकावला. थाप पडली.

"बोलायाच्या वाटंवर काटंच काटं, र जी जी
गायाला लागलो की मोकळीच वाट, र जी जी
गाताना अडला कोन, नाव सांगा रं
न्हाई तर शाहिराची माफी मागा रं, जी जी जी!"

गढीत टाळ्या कडाडल्या. धनश्रीनं डोळे पुसले. "बाबा, एकदासुद्धा अडखळला नाहीत!"

"बघितलंत?" दिग्दर्शक गहिवरला. "जिद्द असली की माणूस असा बरा होतो! बाबा, हेच पुन्हा एकदा. फक्त पहिल्या ओळीला अडखळा."

बाजारात दात न बघताच बैल घेणाऱ्याकडं बघावं, तसं काकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग डफ वाजवत, गातगातच ते गढीच्या दरवाजाकडं निघाले. दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, आजीपासून पणजीपर्यंत. एकेक शब्द धुतल्या तांदळासारखा.

मागं टाळ्या थांबत नव्हत्या.

"कॅमेरा बंद करू नका रे," दिग्दर्शक म्हणाला, "काय आवाज आहे!"