वेशीवरची हाक

राहेराने हाक घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

वेशीबाहेर बसमधून उतरलेले वीसेक पाहुणे उभे होते. गावच्या रिवाजाप्रमाणे स्वागताची तिची हाक आल्याशिवाय सभाघराच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. गावातल्या उकळत्या झऱ्यांच्या कुंडांची वाफ अंगणभर लोळत होती.

"आत्या, घसा बसला का?" कीरीने विचारलं. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम या भाचीचं.

"तो मागचा कोण? मानेवर भाजल्याचा डाग आहे तो?"

कीरीने नजर चुकवली. "तोच आहे, आत्या. ॲलिस्टर."

एकतीस वर्षांपूर्वी हे सहा वर्षांचं पोर कठडा ओलांडून मोठ्या कुंडाच्या काठावर गेलं होतं. पायाखालची जमीन पापुद्र्यासारखी फुटली. राहेराच्या नवऱ्याने, तामिहानाने, पोराला उचलून बाहेर भिरकावलं आणि तो स्वतः आत गेला. त्या कुंडाचा तळ कुणालाच लागलेला नाही. प्रेत मिळालं नाही. प्रेताशिवाय सभाघरात शोकाला बसायला राहेरा तयार झाली नाही. गावाने समजावलं, पाद्र्याने समजावलं. तिने कुणाचं ऐकलं नाही.

"त्याला म्हणावं, बसमध्ये जाऊन बस."

"अगं, लोक ताटकळलेत."

"ताटकळू देत. मी नाही ताटकळले?"

कीरी वेशीपाशी गेली, त्याच्याशी बोलली आणि उतरल्या चेहऱ्याने परत आली.

"जातो म्हणाला. दर वर्षी इथवर येतो आणि परत फिरतो म्हणे. पण एक निरोप दिलाय."

"बोल."

"म्हणाला, मी एकटा आलेलो नाही, एवढं त्यांना सांगा."

पाहुणे येतात ते आपले मेलेले बरोबर घेऊन येतात, आणि हाक त्या दोघांनाही घालायची असते, हे आईने तिला शिकवलं होतं. जन्मभर तिने परक्यांच्या मेलेल्यांना आत बोलावलं होतं.

तो माणूस पाठ फिरवून बसकडे निघाला होता.

राहेराने छाती भरून श्वास घेतला. तिची हाक वाफ चिरत वेशीपर्यंत गेली:

"ये, तामिहाना, घरी ये! ज्याने तुला इथवर आणलं, त्यालाही आत घेऊन ये!"