साथीनंतरची जाहिरात

साथ ओसरली तरी जहाजाकडे एकही प्रवासी फिरकेना. कर्मचाऱ्यांचा पगार तर कधीचाच थांबला होता. शेवटी मॅनेजर म्हणाला, "आज तुम्हीच प्रवासी. जाहिरातीत खुशीत दिसा, नाहीतर जहाज भंगारात."

खोल्या आवरणारा रत्नाकर तांडेल गुलाबी टोपी घालून डेकवर लोळला. शेजारी त्याची बायको बनून लाँड्रीतली फिलोमिना बसली. नोकरीचा प्रश्न होता. रत्नाकर जीव तोडून हसला.

जाहिरात टीव्हीवर झळकली, पण बुकिंग एकही आलं नाही. गुहागरहून बायकोचा फोन तेवढा आला.

"पगार नाही म्हणून पोरांना पेज पाजतेय मी! आणि तुमची तिथे मजा चाललीय होय?"

"अगं, जाहिरात आहे ती. सगळं खोटं."

"खोटं? एवढे तर तुम्ही आपल्या लग्नातही हसला नव्हतात."

तिने फोन आपटला. जाहिरात पटलेलं तेवढंच एक गिऱ्हाईक होतं.