प्याल्याचा काठ

बाप्तिस्मा झाल्यापासून धुळ्याच्या चर्चमध्ये झुलाल नानांची साक्ष लोक कान देऊन ऐकत. "जात सुटली, भीती सुटली. प्रभूनं मला पार मोकळं केलं," असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

सत्त्याऐंशीच्या नाताळात प्रभुभोजनाचा एकच प्याला सतरंजीवर हातोहात फिरत आला, तो नेमका तानुबाईच्या ओठांवरून. तानुबाई त्यांच्याच गल्लीतले संडास साफ करायची. प्यायच्या आधी नानांनी खांद्यावरच्या रुमालानं काठ पुसला. कुणी पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

पुढच्या प्रभुभोजनाला तानुबाई आपणहून रांगेत अगदी शेवटी जाऊन बसली. नानांची मान खाली गेली. अख्ख्या मंडळीसमोर ते उठले आणि तिच्याही पलीकडे जाऊन बसले. आज तिच्या हातचा प्याला जसा येईल तसाच तोंडाला लावायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

तानुबाई प्याली. मग तिनं पदरानं काठ नीट पुसला आणि दोन्ही हातांनी प्याला त्यांच्यापुढं धरला.

"प्या नाना," ती हळूच आपल्या अहिराणीत म्हणाली, "चोखा करेल शे."